मावळच्या शाळा आणि राज्याची सरासरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक आताच झाले. त्या कौतुकात माझाही हार्दिक सहभाग आहे. माझी सारी हयात शिक्षकी पेशात, आणि त्यातील बहुतेक वर्षे मावळात गेली. त्यामुळे फुलांचा गुच्छ हाती घेऊन व्यासपीठावरून उतरणारी मुले पाहिली, की मला मनापासून आनंद होतो. परंतु आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो काहीसा रूक्ष आहे. तो आकड्यांचा आहे. दहावीचा निकाल लागला की दरवर्षी आपल्यापैकी कोणी ना कोणी मला विचारतो, "गुरुजी, आपल्या मावळच्या शाळा राज्याच्या मानाने कोठे आहेत?" प्रश्न सरळ आहे, आणि उत्तरही सरळ असेल अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. ते तसे का नाही, आणि त्या प्रश्नाशी आपल्या ज्ञातीचा कोणता संबंध आहे, एवढेच सांगण्याचा माझा मानस आहे.

प्रथम हाती असलेले आकडे पाहू. माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ दहावीचा निकाल राज्याचा आणि नऊ विभागांचा असा प्रसिद्ध करते. मावळ तालुका पुणे विभागात येतो. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के आणि पुणे विभागाचा ९२.०८ टक्के होता. २०२० साली हेच आकडे ९५.३० आणि ९७.३४, २०२३ साली ९३.८३ आणि ९५.६४, २०२४ साली ९५.८१ आणि ९६.४४, तर २०२५ साली ९४.१० आणि ९४.८१ असे होते. म्हणजे पुणे विभाग राज्याच्या सरासरीच्या वर आहे. मात्र पूर्वी दोन-अडीच टक्क्यांचे असलेले अंतर २०२४ आणि २०२५ या वर्षी एका टक्क्याच्याही आत आलेले आहे. आपण पुढे आहोत, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ही दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी.

आता या आकड्यांवर कितपत विसंबावे, ते पाहू. २०१९ साली राज्याचा निकाल एकाएकी ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण झाली. त्या वर्षी महाराष्ट्रातील मुले अकस्मात मंदबुद्धी झाली, असे कोणी म्हणणार नाही. अभ्यासक्रम नवा होता आणि भाषाविषयांच्या तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून घेण्यात आले होते. ते गुण पुढील वर्षी परत दिले गेले आणि निकाल पुन्हा पंचाण्णव टक्क्यांवर गेला. २०२१ साली साथीमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी अंतर्गत मूल्यमापन केले, आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. तेव्हा निकालाची टक्केवारी मुलाचे ज्ञान जितके मोजते, तितकीच ती परीक्षेची रीतही मोजते. यास्तव या वर्षाच्या आकड्याची गतवर्षाच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा, त्याच वर्षी त्याच परीक्षेला बसलेल्या इतरांशी तुलना करणे हा अधिक न्याय्य मार्ग होय. २०१९ साली पुणे विभागाचा निकाल ८२.४८ टक्के होता. घसरण झाली, परंतु राज्याहून पाच टक्क्यांनी अधिक. परीक्षा कठीण झाली तेव्हाच विभागाविभागांतील खरा फरक उघडा पडला. सोप्या परीक्षेत सारेच एका रांगेत दिसतात.

परंतु पुणे विभाग म्हणजे मावळ नव्हे. या विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर असे तीन जिल्हे आहेत. एकटा पुणे जिल्हा घेतला तरी अडचण संपत नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांहून अधिक होती. मावळ तालुक्याची पावणेचार लाखांहून थोडी अधिक. म्हणजे शंभरात चार. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांच्या भाराखाली मावळचा आकडा दबून जातो. त्या जनगणनेप्रमाणे पुणे जिल्ह्यात साक्षरता ८६.१५ टक्के होती, राज्यात ८२.३४ टक्के. स्त्रियांची साक्षरता जिल्ह्यात ८१.०५ आणि राज्यात ७५.८७ टक्के होती. हे आकडे वाचून आंदर मावळातील एखाद्या ठाकरवाडीत गेलेला मनुष्य चकित होईल. कारण त्याने वाचलेला आकडा कोथरूडचा आणि निगडीचाही आहे.

आणि मावळ तरी एक कोठे आहे? आपण येथले रहिवासी आहोत, आपणांस हे सांगावयास नको. लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या काठाने लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी एक पट्टी आहे. तेथे माध्यमिक विद्यालये आहेत, महाविद्यालये आहेत, खाजगी शिकवण्या आहेत, तळेगावकडे कारखाने आहेत. त्या पट्टीपासून आत वळले की पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही खोरी लागतात. तेथे वाडी डोंगराच्या कुशीत, शाळा दोन शिक्षकांची, आणि पावसाळ्यात ओढा भरला की शाळेची वाट बंद. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्याच्या वाड्यांतील मुलाच्या हजेरीपटावर जुलै-ऑगस्टचे रकाने कसे असतील, याची कल्पना करावी. शिवाय या खोऱ्यांत धरणांचे पाणी पसरले आहे. मुंबईस वीज गेली, पिंपरी-चिंचवडला पाणी गेले, आणि जुनी गावे उठून डोंगराच्या कडेला विखुरली. वस्ती विखुरली की शाळेचा पट विखुरतो. लोणावळ्यातही हीच दोन चित्रे शेजारी शेजारी आहेत: एकीकडे बंगल्यांची रांग, दुसरीकडे त्याच बंगल्यांत राबणाऱ्यांची मुले जेथे शिकतात ती नगरपरिषदेची शाळा.

येथे कोणी म्हणेल, डोंगर आणि पाऊस असल्यावर निकाल मागे राहणारच. हे मला मान्य नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा कोकण विभाग २०१२ पासून स्वतंत्र आहे, आणि दहावीच्या निकालात तो सातत्याने राज्यात पहिला येतो. २०२४ साली त्याचा निकाल ९९.०१ टक्के होता आणि २०२५ साली ९८.८२ टक्के. डोंगर तेथेही आहेत, पाऊस तेथे आपल्याहून कमी नाही, आणि शाळेत जाण्यासाठी नदीनाले तेथेही ओलांडावे लागतात. तेव्हा निसर्ग हे कारण असेल, निमित्त मात्र होऊ नये.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. उत्तीर्णांची टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांतून काढतात. जो बसलाच नाही, तो त्या हिशेबात नाही. समजा, एका गावात पहिलीच्या वर्गात चाळीस मुले होती. दहावीच्या परीक्षेस त्यांतील पंचवीस बसली आणि चोवीस उत्तीर्ण झाली. शाळेचा निकाल शहाण्णव टक्के, राज्याच्या सरासरीइतका. परंतु पहिलीच्या चाळिसांतून हिशेब केला तर निकाल साठ टक्के. दोन्ही हिशेब खरे आहेत. पहिला शाळेच्या फलकावर लागतो. दुसरा कोणीच लावीत नाही.

याहून एक सूक्ष्म प्रकार आहे. मंडळ जो निकाल जाहीर करते तो नियमित विद्यार्थ्यांचा असतो. खाजगीरीत्या बसणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यासाठी जो अर्ज भरावयाचा त्याला आपण 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतो. शाळा सुटलेल्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळावी, हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु नववीत कच्चा ठरलेला मुलगा आपला शंभर टक्के निकाल खाली आणील, या भयाने त्याच्या पालकास 'सतरा नंबर भरा' असा सल्ला मिळतो, ही गोष्ट शिक्षकी पेशातील कोणासही अपरिचित नाही. मी कोणा एका शाळेकडे बोट दाखवीत नाही. आपण पालक आणि संस्थाचालक शंभर टक्क्यांच्या फलकाची जी मागणी करतो, तिचाच हा परिणाम आहे.

लहान शाळांच्या बाबतीत तर टक्केवारी अधिकच फसवी. बारा मुलांच्या वर्गात एक मूल नापास झाले की निकाल सव्वाआठ टक्क्यांहून अधिकाने उतरतो. एका वर्षी शंभर, दुसऱ्या वर्षी ब्याण्णव. आणि त्यावरून त्या शाळेची, त्या शिक्षकाची योग्यता ठरवावयाची! अशा शाळेचे पाच वर्षांचे आकडे एकत्र केल्याखेरीज तिच्याबद्दल मत देऊ नये.

दहावीखेरीज अन्य मोजमापे आहेत. केंद्र शासनाने जिल्ह्यांच्या शालेय कामगिरीचा एक निर्देशांक तयार केला आहे. त्यात ८३ निकष आणि ६०० गुण ठेवले. त्यांपैकी २९० गुण शैक्षणिक फलनिष्पत्तीस, उरलेले अध्यापन, इमारत व सुविधा, सुरक्षितता, संगणकीय साधने आणि कारभार यांस. मुलांच्या संपादणुकीची राष्ट्रीय चाचणी २०१७ आणि २०२१ साली झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'परख' या नावाने झाली. हे सर्व प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु त्यांचा निष्कर्ष जिल्ह्यापाशी येऊन थांबतो. तालुक्यासाठी त्यांतून निराळे उत्तर निघत नाही. पुन्हा तेच, शंभरात चार.

मला अधिक उपयोगी वाटते ती 'असर' या नावाने ओळखली जाणारी पाहणी. 'प्रथम' या संस्थेने २००५ साली ती सुरू केली. कार्यकर्ते शाळेत न जाता ग्रामीण भागातील घराघरांत जातात, आणि मुलासमोर दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा ठेवून तो वाचावयास सांगतात. घरी जात असल्याने शाळा सोडलेले मूलही त्यांना भेटते. देशातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली ४४.२ टक्के होती, साथीनंतर २०२२ साली ३८.५ टक्के, आणि २०२४ साली ४४.८ टक्के. पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांस दुसरीचे वाचन येत नाही, आणि पाच वर्षांनी दहावीस बसणारी शेकडा पंचाण्णव उत्तीर्ण होतात. एक देशाचा आकडा आहे, एक राज्याचा. तरी या दोहोंमधील दरी आपणांस विचार करावयास लावील. त्या दरीत कोण पडले, आणि जे पार झाले ते काय शिकून पार झाले, हे प्रश्न निकालाच्या कागदावर छापलेले नसतात.

मंडळी, मावळास शिक्षणाची परंपरा नाही असे नाही. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली काढलेले समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाचे केंद्र म्हणून तळेगावात नावारूपास आले. परकीय सरकारला त्याची इतकी धास्ती वाटली की १९१० साली ते बंद करण्यात आले. त्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. सरकारचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि खालच्यांच्या पाटीपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले; ते फेटाळले गेले. कायद्याने तो हक्क देशभर मिळावयास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. आणि तो कायदाही सहा ते चौदा या वयापुरता आहे. आठवी संपली की हक्क संपला. वाडीची शाळा चौथी-पाचवीपर्यंत, पुढे मोठ्या गावची शाळा, नववीस कामशेत, वडगाव वा लोणावळा. या प्रत्येक टप्प्यावर काही मुले गळतात, आणि मुली अधिक गळतात.

आता लहान शाळांपुढे निराळेच संकट आहे. वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. २०१७ साली दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आली आणि आपल्याच जिल्ह्यातील पानशेतचे उदाहरण त्यासाठी देण्यात आले. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, साधने अधिक, हे खरे आहे. परंतु पावसात बस न आल्यास सात वर्षांची मुलगी शाळेत जाणार नाही, हेही तितकेच खरे आहे. समूह शाळेची सरासरी कदाचित उत्तम येईल. मात्र वाटेत गळालेली मुले त्या सरासरीत नसतील. त्यामुळे अशा निर्णयाचा विचार करताना प्रथम पट मोजावा, मग निकाल.

आपल्या ज्ञातीचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपली बहुतेक मुले आता तळेगाव-लोणावळ्याच्या खाजगी इंग्रजी शाळांत, किंवा पुण्यामुंबईस आहेत. जिल्हा परिषदेची शाळा आपली राहिली नाही. मीही असेच समजत होतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यालयात मला सत्कारासाठी बोलावले होते. दारावर शंभर टक्के निकालाचा फलक होता. कार्यक्रम झाल्यावर मी मुख्याध्यापकांस म्हणालो, "हीच मुले पाचवीत होती त्या वर्षीचे जनरल रजिस्टर दाखवाल का?" त्या सज्जन गृहस्थांनी ते मोकळेपणाने काढून दिले. आम्ही दोघांनी नावे ताडून पाहिली. काही नावांपुढे दाखला नेल्याची नोंद होती. ती मुले दुसरीकडे शिकत असतील. काही नावांपुढे नुसती रेघ होती. त्या रेघांत एक नाव आपल्या ज्ञातीतील मुलीचे होते. मी ते घर ओळखत होतो. तिच्या मोठ्या भावाचे नाव आपल्याच स्मरणिकेतील गुणवंतांच्या यादीत मी वाचले होते. त्या वर्षी त्या घरी अभिनंदनाचे पत्र धाडताना धाकटी बहीण कितवीत आहे, हे आपण कोणीच विचारले नव्हते.

त्या दिवसापासून मला असे वाटू लागले आहे, की आपली गुणवंतांची यादी हीसुद्धा एक प्रकारची सरासरीच आहे. ती खोटी नाही. पण ती फक्त पोहोचलेल्यांची आहे. म्हणून मी मंडळापुढे चार नम्र सूचना ठेवतो.

पहिली. मंडळाने सभासद कुटुंबांतील प्रत्येक मुलामुलीची एक नोंदवही ठेवावी: पहिलीत कोण गेले, पाचवीत, आठवीत आणि दहावीत कोण उरले. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारी, नावे न देता, तो हिशेब छापावा. राज्याशी तुलना करण्याआधी आपण आपली तुलना आपल्याच पहिलीच्या वर्गाशी करू.

दुसरी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक घरातील आजी-आजोबांनी नातवंडास जवळ बसवून दुसरीच्या मराठी पुस्तकातील एक पान मोठ्याने वाचावयास सांगावे. खाजगी शाळेत जाणाऱ्या नातवंडासही सांगावे. ही परीक्षा घेण्यास पदवी लागत नाही, आणि तिचा निकाल तेथल्या तेथे कळतो.

तिसरी. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. ज्यांची मुले अशा शाळेत आहेत त्यांनी त्या समितीत बसावे, आणि निकाल किती लागला हे विचारण्याआधी गैरहजर कोण आहे हे विचारावे.

चौथी. मंडळाचा विद्यार्थी साहाय्यक निधी आज गुणांच्या क्रमाने वाटला जातो. त्याचा काही भाग आठवीनंतर शाळा सुटण्याची भीती असलेल्या मुलींच्या बसभाड्यासाठी आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी राखून ठेवावा. आणि तो केवळ आपल्याच ज्ञातीसाठी राखू नये, अशी माझी विनंती आहे. वाडीच्या शाळेत आपली मुलगी आणि कातकऱ्याची मुलगी एकाच बाकावर बसते. ओढा भरला की दोघींचीही वाट बंद होते.

"मावळ कोठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही, याची मला जाणीव आहे. पुणे विभाग राज्याच्या किंचित पुढे आहे. मावळची महामार्गाकडील पट्टी त्या विभागासारखी आहे. आतली खोरी तशी नाहीत, आणि तेथील गळालेली मुले कोणत्याच फलकावर नाहीत. याहून नेमके उत्तर ज्या रजिस्टरांत आहे ती आपल्या गावोगावच्या शाळांच्या कपाटांत आहेत. ती उघडून पाहण्याचे काम पुण्यामुंबईहून कोणी येऊन करणार नाही.

मंडळाने ही नोंदवही सुरू केल्यास पहिले वर्षभर ती लिहिण्याचे काम मी स्वतः करीन.